धुराची चूळ

त्या संध्याकाळी हे हापिसातून आले ते पाय धुवायला मोरीकडे गेलेच नाहीत. शर्टाच्या खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि फडताळाच्या वरच्या फळीवर, लोणच्याच्या बरणीमागे ठेवून दिलं. मला वाटलं, उदबत्त्या असतील. पण उदबत्त्या देवापाशी ठेवतात, बरणीमागे कशाला ठेवतील? दिवेलागणीची वेळ होती, माझ्या हातात निरांजन होतं, म्हणून विचारलं नाही. देवापुढे हात जोडले, पण मन त्या बरणीमागेच अडकलं.

जेवताना ह्यांनीच विषय काढला. "लिमये म्हणतात, बॅरिस्टर मी करायचा."

"कोन बॅरिस्टर?" आत्याबाईंनी विचारलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सोजरबाई.

"नाटकातला गं आये."

"आन् तो श्यामसुंदर करनार हुता न्हवं?"

"त्याला कावीळ झालीय. डॉक्टरांनी उठू नको म्हणून सांगितलंय."

"मंग चांगलंच झालं की," आत्याबाई म्हणाल्या, आणि भाकरीचा तुकडा तोंडात घालता घालता थांबल्या. "म्हंजे त्याचं वाईटच झालं. पर चांगलं झालं."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण हे ताटात बोटं फिरवत बसले होते आणि वरण गार होत होतं. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आलं, आणि माणूस जेवत नाही, म्हणजे त्यात काहीतरी खडा आहे, हे मला कळून चुकलं.

ह्यांची हकीकत सांगायची तर ती विंगेतूनच सांगावी लागते. धायरीच्या गेनबांचा हा मुलगा. घरात मॅट्रिक झालेला पहिला. गावात धारेश्वराच्या जत्रेला पोरं नाटक करायची. तालमीत नुसतं बसून ह्यांचं सगळ्यांचं काम पाठ व्हायचं, राजाचंही आणि दासीचंही. म्हणून पोरांनी ह्यांना कंदील आणि वही देऊन पडद्यामागे बसवलं. पुढे पुण्यात पाटबंधाऱ्याच्या हापिसात चिकटले, मंडईच्या मागे आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड झालं, हापिसाच्या नाट्यमंडळातही हे गेले, आणि तिथेही कुणी न सांगता विंगेतल्या स्टुलावर जाऊन बसले. प्रॉम्प्टर. नट अडला की ह्यांनी पुढचं वाक्य सुचवायचं, ते नटाला ऐकू जायला हवं आणि पहिल्या रांगेला जायला नको. अशा मापाचा आवाज घरीही तसाच राहिला. मंडईत हे भाव विचारायचे तेव्हा भाजीवाली म्हणायची, "काय म्हनला, दादा?" आणि मला पुढे व्हावं लागायचं.

काम मागायचं म्हणून ह्यांनी एकदाच मागितलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत. गोपाळकृष्ण लिमये म्हणजे हापिसातले हेडक्लार्क, नाटक तेच लिहायचे आणि तेच बसवायचे. ते म्हणाले होते, "जयसिंगराव, पाठांतर तुमचं उत्तम आहे. उच्चार तेवढे अजून धायरीच्या वेशीपाशी उभे आहेत, ते गावात आले की बघू." हे हसून घरी आले. त्यानंतर बोलण्यातला 'हाय' आणि 'न्हाई' ह्यांनी एकेक करून निवडून टाकला, तांदळातले खडे निवडावेत तसा. पण पुन्हा मागितलं मात्र नाही.

आणि आता स्पर्धा आठवड्यावर आलेली, सगळं नाटक तोंडपाठ असलेला माणूस एकच.

"मग खडा काय आहे?" पानं उचलताना मी विचारलं.

हे उठले, बरणीमागची पुडी काढली आणि उलगडून दाखवली. अंगठ्याएवढ्या जाड, तपकिरी, गुळगुळीत अशा सिगारी होत्या.

"दुसऱ्या अंकात बॅरिस्टर सिगार ओढतो," हे म्हणाले.

त्या नाटकात बॅरिस्टरचा धाकटा भाऊ त्याच्या घरी येतो. राहायला एक खोली द्या म्हणून गयावया करतो. बॅरिस्टर सगळं ऐकून घेतो, सावकाश सिगार पेटवतो, धूर सोडतो, आणि मग म्हणतो, "तुझं बोलून झालं असेल, तर जाताना दार ओढून घे." लिमयांचं म्हणणं, सगळं नाटक त्या धुरावर उभं आहे. आधी धूर, मग वाक्य. मध्ये खोकला आला की बॅरिस्टर मेला.

"न पेटवता नुसती हातात धरली तर?"

"मी विचारलं. म्हणाले, मग भावालाही सांगू, येऊ नकोस, बाहेरूनच पत्र टाक."

"आणि नाहीच जमलं तर?"

"रविवारी स्पर्धा, शनिवारी रंगीत तालीम आहे. तोवर नाही जमलं तर आमच्या मंडळातला श्रीनिवास करेल. तो सिगारेटी ओढतो. लिमये म्हणाले, त्याचं पाठांतर कच्चं आहे, पण छाती पक्की आहे."

ते 'छाती' ऐकलं आणि मला धायरीचं घर आठवलं. आमचे मामंजी, गेनबा, दम्याने गेले. शेवटी शेवटी त्यांना आडवं होता येत नसे, रात्रभर गुडघ्यावर डोकं टेकून बसत. आणि उशाशी चिलीम. ती काही सुटली नाही. त्याच छातीचा हा मुलगा. विडीच्या वाऱ्याला न उभं राहिलेला. त्याला आता चाळिशीत सिगार शिकायची होती. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या खाली बघून सुपारी कातरत होत्या. नेहमीपेक्षा बारीक.

पहिला प्रयोग गॅलरीत झाला. मी देवघराचा पडदा ओढून घेतला आणि दाराशी उभी राहिले. ह्यांनी सिगार तोंडात धरली, काडी लावली, गाल आत जाईपर्यंत ओढली. काही नाही. तीन काड्या गेल्या. मग लक्षात आलं की तोंडात धरायची बाजू बंदच असते, ती कापावी लागते. घरात चाकू होता, पण हे आत आले आणि आत्याबाईंच्या पानाच्या तबकातला अडकित्ता उचलला. सुपारी कातरावी तसा टोकाचा तुकडा कच्चकन उडवला.

"चिरूट कातरतोस व्हय माज्या अडकित्त्यानं," आत्याबाई म्हणाल्या. "धुऊन ठेव."

आता सिगार पेटली. ह्यांनी डोळे मिटले, आणि छाती भरून ओढली.

पुढचं सांगवत नाही. आधी खोकला, मग खोकल्याला आवाजच नाही, नुसतं अंग हलतंय. तोंड पांढरं पडलं, कपाळावर घाम. कठड्याला धरून हे खाली बसले आणि मग उलटी. मी पाणी आणलं, पाठ चोळली, तोंडाने जप चालू. आत सुनीती, आमची लेक, अभ्यास करत होती. ती दारात येऊन म्हणाली, "बाबा, बॅरिस्टरला रोज असं होतं?"

"तू आत जा," मी म्हणाले.

ह्यांना बोलता आलं तेव्हा पहिलं वाक्य असं, "थोडा वेळ बसतो. मग पुन्हा बघतो."

सोमवार, मंगळवार असेच गेले. हे तालमीला जायचे, तिथे खोकायचे, घरी येऊन पुन्हा खोकायचे. लिमये म्हणाले, "जयसिंगराव, मी सुखवस्तू बॅरिस्टर लिहिला होता, तुम्ही क्षयाचा पेशंट उभा करताय. करुण आहे, पण माझं नाही." श्रीनिवास बिचारा भला माणूस. त्यानेच सांगितलं, थोडी थोडी ओढा, सवय होते, छाती शिकते. म्हणून हे थोडी थोडी ओढायचे आणि थोडा थोडा खोकायचे. रात्री कूस बदलताना छातीत बारीक शीळ वाजतेय असा मला भास व्हायचा. उठून कान लावला तर काही नसायचं. पडले की पुन्हा वाजायची.

शुक्रवारची ओटी भरायची म्हणून नव्हे, मन थाऱ्यावर नाही म्हणून मी बुधवारीच जोगेश्वरीच्या देवळात गेले. नारळ ठेवला, हात जोडले, आणि अडले. मागायचं काय? आई, माझ्या नवऱ्याला सिगार नीट ओढता येऊ दे, असं? देवीला असलं काही मागितलेलं मी कुणाकडून ऐकलं नव्हतं. बरं, नको येऊ दे म्हणावं, तर ह्यांचा चेहरा डोळ्यांपुढे यायचा. पहिल्यांदाच कुणीतरी ह्यांना उजेडात उभं करत होतं. न जमलं तर हे काही म्हणणार नाहीत, रविवारी गुपचूप स्टुलावर जाऊन बसतील, आणि श्रीनिवास अडला की बॅरिस्टरचं वाक्य त्याला सुचवतील. तेच मला बघवलं नसतं. आणि जमलं तर? जमलं आणि मग सुटलीच नाही तर? माझ्या मागे बाया खोळंबल्या होत्या. एकीने विचारलं, "झालं का हो बाई?" मी न मागताच परत आले.

गुरुवारी सकाळी मी आणि आत्याबाई मागच्या दारी मिशरी लावत बसलो होतो. आमच्याकडे सकाळी चहाच्या आधी मिशरी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची. बोटाने दातांना लावून दोन घटका बसलं की मग दिवस सुरू होतो. हे तांब्या घेऊन आले आणि आमच्याकडे बघत उभे राहिले. रात्रभर झोप नसावी.

"मला सिगारीवरून बोलतेस," हे म्हणाले, "तुझी मिशरी काय तुळशीच्या पानाची असते?"

माझ्या तोंडात मिशरी, उत्तर देता येईना. आत्याबाई हसल्या. "तिला आता चढत न्हाई. नवी नवरी हुती तवा काय झालं हुतं, आठवतंय का?"

आठवत होतं. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात धायरीच्या घरी आत्याबाईंनी मला डबी दिली होती. माझ्या माहेरी, लोणी काळभोरला, कुणी मिशरी लावत नसे. नाही कसं म्हणायचं म्हणून मी लावली, आणि थुंकायचं कुठे हे कळेना म्हणून गिळली. मग अंगण गरगर फिरायला लागलं. असाच घाम, अशीच उलटी. बायकांना वाटलं, पोरीला बाधा झाली.

"म्या तवाच सांगितलं हुतं हिला," आत्याबाई सांगत होत्या. "येडे, आत न्यायची नसती. गिळायची न्हाई, हुंगायची न्हाई. गालात ठिवायची. सवाद घ्यायचा, आन् चूळ भरून टाकायची."

माझं बोट दातावरच थांबलं. मी उठले, मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि तशीच ओल्या तोंडाने ह्यांच्यापुढे येऊन उभी राहिले.

"अहो, तुम्ही धूर आत का नेता?"

"आत म्हणजे? ओढायची म्हटल्यावर आत नको?"

"ओढायची कुणी सांगितलं?"

"नाटकात लिहिलंय. बॅरिस्टर सिगार ओढतो."

"ते लिमयांनी लिहिलंय. लिमये ओढतात का?"

लिमये सुपारीचं खांडही खात नसत. बॅरिस्टर त्यांनी इंग्रजी सिनेमात पाहिला होता. आणि श्रीनिवासची ती सिगारेट, तिचा धूर आत जातो. पण ही एवढी जाड सिगार, तिचा धूर कुणी छातीत नेत असेल?

"तुम्ही ओढूच नका," मी म्हणाले. "चूळ भरा."

"धुराची?"

"धुराची. तोंडात घ्या, गालात ठेवा, टाकून द्या. घशाखाली उतरू देऊ नका."

हापिसाची वेळ झाली होती, तरी हे गॅलरीत गेले. कालची अर्धी सिगार होती ती पेटवली. गाल फुगले. मी मनात देवीचं नाव घेतलं. ह्यांनी ओठ उघडले आणि पांढरा, दाट धूर सावकाश बाहेर आला, कठड्यावरून वळून समोरच्या कौलांवर गेला. खोकला नाही. हे माझ्याकडे बघत राहिले. मग त्या बेताच्या आवाजात नव्हे, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "तुझं बोलून झालं असेल, तर जाताना दार ओढून घे."

शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं. हे लाजून आत आले.

लिमयांना त्या संध्याकाळी ते दाखवलं. ते म्हणाले, "अरे वा. पेशंट सुधारला." बाकी काही नाही. पण शुक्रवारपासून श्रीनिवासच्या हातात प्रॉम्प्टिंगची वही गेली, म्हणजे काम ह्यांचं पक्कं झालं.

इथे माझी काळजी मिटायला हवी होती. ती फक्त बाजू बदलून बसली.

शुक्रवारी संध्याकाळी हे गॅलरीत सराव करत होते. सुनीती आतून बघून म्हणाली, "बाबा, आता तुम्ही खरंच श्रीमंत दिसता. आधी नुसते रागावलेले दिसायचा." वाक्य झालं, धूर झाला, सगळं नीट झालं, तरी हे उठेनात. खुर्चीत मागे टेकून, डोळे अर्धे मिटून बसलेले. आता घाई नव्हती. एक चूळ भरायचे, थांबायचे, राख वाढू द्यायचे.

"झालं ना आता?" मी दारातून विचारलं. "पानं घेते."

"थांब जरा." मग मला जवळ बोलावलं. "ह्याला गुऱ्हाळाचा वास आहे गं. आमच्या धायरीच्या. शेवटची कढई उतरवायच्या आधी येतो ना, काकवी दाटून आल्यावर, तसा. आधी तो खोकल्यात कळतच नव्हता."

मला नुसता जळका वास येत होता. जरा थांबले तर त्याच्या मागे काहीतरी गोडसर आल्यासारखं वाटलं, आणि तेच मला आवडलं नाही. आत गेले तर आत्याबाई अडकित्ता हातात धरून तशाच बसल्या होत्या.

"ऐकलंस?" त्या हळूच म्हणाल्या. "त्याचा बा बी असंच म्हनायचा. चिलीम ठिवा म्हनलं की, थांब जरा."

त्या रात्री जपाची माळ मी दोनदा चुकले. आता निदान काय मागायचं ते कळत होतं, पण ते दोन मागण्यांचं झालं होतं आणि दोन्ही एकमेकींना आडव्या येत होत्या. रविवारी धूर नीट येऊ दे. आणि सोमवारी येऊ नको देऊ.

शनिवारची रंगीत तालीम पार पडली. सरावात सगळ्या संपल्या होत्या, प्रयोगासाठी राखलेली एकच सिगार उरली. ती हे घरी घेऊन आले आणि बरणीमागे ठेवली.

रविवारी जेवणं आटोपल्यावर हे कोटाला इस्त्री करत होते. मी सिगार काढून पिशवीत ठेवावी म्हणून बरणीमागे हात घातला. तिथे काही नव्हतं. वरची फळी पाहिली, खालची पाहिली. मग आत्याबाईंनाच विचारलं.

"त्ये व्हय," त्या म्हणाल्या. "तिथं वाळून पार कडक व्हत हुतं. म्या नीट ठिवलंय."

त्यांनी पानाचं तबक पुढे ओढलं. विड्याची पानं ताजी राहावीत म्हणून आम्ही ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतो. त्या फडक्याच्या घडीत, मंडईतून आणलेल्या पानांच्या मधोमध, सिगार होती. रात्रभर भिजलेली. फुगून मऊ झालेली, हाताला शिजल्या पडवळासारखी लागणारी.

"पानच हाय न्हवं त्ये?" माझा चेहरा बघून आत्याबाई म्हणाल्या. "पान सुकू न्हाई म्हनून ठिवलं मी."

त्यांचं चुकलं असं म्हणायलाही जीभ उचलेना. पानच होतं ते, तंबाखूचं का होईना. हे आले, सिगार हातात घेतली, दाबून बघितली. लष्कर भागातल्या ज्या दुकानातून ह्यांनी सिगारी आणल्या होत्या ते रविवारी बंद. दुसरीकडे सिगार मिळते की नाही हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

मी ती घेऊन गॅलरीत गेले. पापड वाळवायचं ताट उन्हात मांडलं, त्यावर पांढरं फडकं, त्यावर सिगार. कावळा येऊ नये म्हणून तिथेच बसले आणि कुरडई परतावी तशी ती सारखी फिरवत राहिले. कार्तिकातलं ऊन, त्यात दम नाही. सूर्यावर ढगाचा तुकडा आला की माझ्या जिवाचं पाणी व्हायचं. वरून कोरडी झाली तेव्हा बाहेरचं पान टोकाशी सुटून आलं. कणकेची खळ करून मी ते चिकटवलं. आत ओल होतीच. बोटाला कळत होती.

निघताना ह्यांनी देवाला नमस्कार केला, आईच्या पाया पडले. आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "आवाज काढ. मागं बसल्याल्यांनी बी पैसं दिल्याती."

सदाशिव पेठेतल्या त्या नाट्यगृहात मी आणि सुनीती मधल्या रांगेत बसलो. पहिला अंक माझ्या कानावरून गेला. हे कोटात उंच दिसत होते, आवाज मागपर्यंत जात होता, कुणी हसत होतं, एकदा टाळीही पडली. मी सगळा वेळ टेबलावरच्या त्या सिगारकडे बघत होते.

दुसरा अंक. भावाने गयावया केली. ह्यांनी सगळं ऐकलं, सिगार उचलली, काडी ओढली.

पेटली नाही.

काडी विझली. दुसरी ओढली. सिगारच्या टोकाशी नुसता काळा डाग पडला आणि चुर्र असा आवाज झाला, तो मला मधल्या रांगेत ऐकू आला, का मी तो मनानेच ऐकला, देव जाणे. माझ्या मागे कुणीतरी खुसखुसलं. सुनीतीने माझा हात धरला. भावाचं काम करणारा खरोखरच घाबरून ह्यांच्याकडे बघत उभा होता.

ह्यांनी तिसरी काडी ओढली. पण आता सिगार तोंडात नव्हती. हातात धरून, काडीच्या ज्योतीपासून जरा वर, हे तिचं टोक सावकाश फिरवायला लागले, भाकरी निखाऱ्यावर फिरवून शेकावी तसं. कुणाकडे पाहिलं नाही. घाई नाही, जणू हे घर ह्यांचं, हा वेळ ह्यांचा. काडी बोटापर्यंत आली तेव्हा शांतपणे टाकली आणि पुढची ओढली. खुसखुस थांबली. सगळं थिएटर त्या टोकाकडे बघायला लागलं. धाकटा भाऊ उभाच. त्याला एक खोली मिळणार की नाही हे जणू त्या ओल्या पानावर ठरणार होतं.

एवढी शांतता श्रीनिवासला विंगेत सोसवेना. त्याला वाटलं, हे अडले. त्याने वाक्य सुचवलं, आणि त्याला त्या मापाच्या आवाजाची सवय नव्हती. "तुझं बोलून झालं असेल," हे सगळ्यांना ऐकू गेलं.

मी डोळे मिटले. आता हसणार सगळे.

ह्यांचा आवाज आला. चढलेला नाही, पडलेला नाही. "ऐकलंय मी. घाई कुणाला आहे?"

डोळे उघडले तर हे विंगेकडे बघतही नव्हते, भावाकडेच बघत होते. लोकांना वाटलं, त्यालाच म्हणाले. हशा पिकला, पण तो ह्यांना हसणारा नव्हता, बॅरिस्टरला घाबरून हसणारा होता. हशा ओसरेपर्यंत टोकाने लाल ठिणगी धरली. ह्यांनी सिगार ओठांत घेतली. गाल भरले. मी माझेही गाल भरले होते हे मला नंतर सुनीतीने सांगितलं.

धूर आला, दाट, सावकाश, दिव्याच्या उजेडात वर चढत गेला. आणि मग, "तुझं बोलून झालं असेल, तर जाताना दार ओढून घे."

एकही खोकला नाही. दार लागलं. टाळ्या पडल्या त्या मला ऐकू आल्या नाहीत, कारण मी तेव्हा रडत होते.

बक्षीस दुसऱ्याच हापिसाला गेलं. लिमये बाहेर भेटले तेव्हा मला म्हणाले, "वहिनी, ह्यांनी माझ्या नाटकात एक वाक्य घुसडलं. दुर्दैवाने ते माझ्या सगळ्या वाक्यांपेक्षा बरं होतं. पुढच्या वर्षी मोठं काम देतो ह्यांना, बिनसिगारीचं." हे खाली बघून हसले. कोटाच्या वरच्या खिशातून सिगारचा उरलेला तुकडा डोकावत होता. अर्ध्याहून जास्तच होता. तो मी घरी येईपर्यंत बघत होते.

रात्री तो बरणीमागे गेला.

सोमवारी सकाळी मी पूजा लवकर उरकली. हे उठून गॅलरीत जातात का, हे बघायचं होतं. हे उठले, फडताळापाशी गेले, तुकडा काढला आणि नाकाशी धरून तसेच उभे राहिले. काडेपेटी चुलीपाशी होती. मी ती पदराखाली घ्यावी की नको ह्या विचारात तिथेच उभी. ते पापही वाटत होतं.

"आये," हे म्हणाले, "तुझी तंबाखू संपत आलीय म्हणत होतीस ना?"

आत्याबाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं, मग हात पुढे केला. त्यांनी तो तुकडा तबकात चुरला, माझी खळ लागलेलं पान नखाने काढून टाकलं आणि बाकीचा चुरा तव्यावर घातला. तवा तापला तसा घरभर धूर झाला. मी देवघराचा पडदा ओढला. चुरा काळा पडला, त्या तवा उतरवायला गेल्या.

"थांब जरा," हे म्हणाले.

आत्याबाईंचा हात तव्याशीच थांबला. हे वाकले, तव्यावरच्या धुरात तोंड धरून एकदाच हुंगलं, त्यांचे डोळे मिटले, उघडले. मग सरळ झाले, टोपी घातली आणि हापिसात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मिशरी आम्ही दोघींनी लावली. मागच्या दारी ऊन यायला लागलं होतं. हे तांब्या घेऊन आले, जरा रेंगाळले, आणि विचारलं, "कशी लागतेय?"

माझ्या तोंडात मिशरी, बोलता येईना. काकवीचा वास होता त्याला, खरंच होता. हे उत्तराची वाट बघत उभे होते, आणि मी चूळ भरायला जरा उशीरच केला.